सातारा परिसरातील डिजिटल मानव्यविद्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील महाविद्यालयांतून, गावोगावच्या ग्रंथालयांतून आणि जुने कागद सांभाळून ठेवलेल्या घरांतून आमच्या विद्यापीठीय अभ्यासगटाकडे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एका प्रश्नाचा संबंध दुसऱ्याशी येतो तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. डिजिटल मानव्यविद्या म्हणजे जुनी पुस्तके आणि कागद स्कॅन करणे, एवढेच ना?

स्कॅन करणे ही त्या कामाची पूर्वतयारी आहे. साहित्य, इतिहास, भाषा आणि कला या विषयांतील साधने संगणकावर शोधता, मोजता आणि एकमेकांशी ताडता येतील अशा रूपात आणणे, आणि हाताने चाळून ज्यांचा माग लागला नसता असे प्रश्न त्यांना विचारणे, हा या अभ्यासाचा गाभा आहे. इटालियन जेझुइट धर्मगुरू रॉबेर्तो बुसा यांनी १९४९ मध्ये आयबीएम कंपनीच्या साहाय्याने थॉमस अक्वायनस यांच्या लॅटिन ग्रंथांची शब्दसूची करायला घेतली, तेथून या परंपरेची सुरुवात सामान्यतः मानली जाते. आपल्या देशात जादवपूर विद्यापीठाने रवींद्रनाथ ठाकूर यांची हस्तलिखिते आणि मुद्रित आवृत्त्या शेजारी ठेवून पाठभेद पाहता येतील असा संग्रह २०१३ मध्ये सर्वांसाठी खुला केला.

आपल्या भागापुरते बोलायचे तर, एका परगण्यातील महजरांवर (गावसभेच्या साक्षीने झालेल्या निवाड्यांच्या कागदांवर) शंभर-सव्वाशे वर्षांत कोणकोणत्या बलुतेदारांच्या निशाण्या येतात आणि कोणाच्या हळूहळू दिसेनाशा होतात, हा प्रश्न शेकडो कागदांची एकाच शिस्तीने नोंद झाल्याशिवाय विचारताच येत नाही. नोंदीविना नुसत्या प्रतिमा साठवल्या, तर कपाटातले कागद हार्ड डिस्कमध्ये गेले एवढाच फरक पडतो.

२. मी मराठीत एम. ए. करते आहे. मला प्रोग्रॅमिंग येत नाही. मला यात सहभागी होता येईल का?

होय, आणि मराठी किंवा इतिहासाच्या विद्यार्थ्यांची या कामाला सर्वाधिक गरज आहे. सुरुवातीला कोष्टक नीट भरता येणे, फायलींना ठरलेल्या पद्धतीने नावे देता येणे आणि जे वाचता आले नाही तिथे 'वाचता आले नाही' असे लिहिण्याचा प्रामाणिकपणा असणे पुरेसे आहे. पुढे मजकुरातील व्यक्तिनामे, स्थळनामे, फाटलेला भाग, संदिग्ध अक्षर यांवर खुणा करण्यासाठी टीईआय ही १९८७ पासून विकसित होत आलेली चिन्हांकनपद्धती शिकावी लागते. ती प्रोग्रॅमिंग नव्हे. चिकित्सक आवृत्तीच्या संपादकाने तळटीपांत जी शिस्त पाळली असती, तीच येथे मजकुराच्या आत पाळायची असते. ज्यांना पायथनसारखी भाषा शिकण्याची इच्छा होते त्यांनी ती अवश्य शिकावी, परंतु बखरीची भाषा कळत नसताना केवळ प्रोग्रॅम लिहिता येणाऱ्याची या कामात जास्त अडचण होते, असा आमचा अनुभव आहे.

३. पीएच. डी. साठी हा स्वतंत्र विषय आहे का?

बहुतेक संशोधक मराठी, इतिहास, भाषाशास्त्र किंवा ग्रंथालयशास्त्र या आपल्या मूळ विषयातच नोंदणी करतात आणि डिजिटल भाग संशोधनपद्धती म्हणून मांडतात. नोंदणीपूर्वीच मार्गदर्शकांशी एक गोष्ट स्पष्ट करून घ्यावी: तयार होणारा माहितीसंच हा प्रबंधाचा भाग मानला जाणार की परिशिष्ट. हे आधी ठरले नाही, तर काही वर्षांची मेहनत मूल्यमापनाच्या वेळी परिशिष्टात जाते.

४. कागदपत्रे तर सगळी पुण्या-मुंबईत आहेत. साताऱ्यात बसून काय संशोधन करणार?

पेशवे दप्तर पुण्यात आहे हे खरे. साताऱ्याचे इतिहाससंशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीस (१८७०–१९२६) यांनी जमवलेला मोठा संग्रहही १९३९ मध्ये साताऱ्याहून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. असे असले तरी येथे उरलेले साहित्य थोडे नाही, आणि त्यातले बरेचसे अजून कोणत्याही सूचीत आलेले नाही.

मराठी विश्वकोशाचे संपादन तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईत उभे राहिले. मराठीत ज्ञानाच्या नोंदी कशा लिहाव्यात, परिभाषा कशी घडवावी, याची एवढी मोठी कार्यशाळा दुसरीकडे झाली नाही. औंधला श्री भवानी संग्रहालय आहे. १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील यांनी काले येथे स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेचे मुख्यालय साताऱ्यात आहे, आणि ग्रामीण शिक्षणाचा इतिहास लिहायचा असेल तर शाळांच्या जनरल रजिस्टरांइतके बोलके साधन नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेब आंबेडकरांचा साताऱ्यातील शाळेत प्रवेश झाला हे आपल्याला ठाऊक आहे ते शाळेच्या रजिस्टरातील नोंदीमुळेच. सांगली जिल्ह्याकडे वळले, तर १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत केलेल्या नाट्यप्रयोगापासूनची रंगभूमीची परंपरा आहे, मिरजेतील तंतुवाद्ये घडवणाऱ्या कारागिरांचे मौखिक ज्ञान आहे, आणि १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून सुरू झालेल्या मासिकाचे अंक जुन्या वाचनालयांच्या कपाटांत आजही भेटतात.

यांशिवाय तमाशाच्या वह्या, भजनी मंडळांची बाडे, सहकारी संस्थांची इतिवृत्ते आणि दिंड्यांचे हिशेब आहेत. पुण्यातील दप्तर सुरक्षित आहे. या वह्यांना मात्र पुढच्या पावसाळ्याचीही खात्री देता येत नाही, म्हणून आमच्या मते आधी हात येथे घालायला हवा.

५. आमच्या घरी मोडी कागदांचा रुमाल (कापडात बांधलेला गठ्ठा) आहे. तो विद्यापीठाला देऊन टाकावा लागतो का?

नाही. मूळ कागद आपल्या घरीच राहतात आणि मालकीही आपलीच राहते. शक्यतो आम्हीच घरी येऊन प्रतिमा घेतो. कागद बाहेर न्यावे लागले तर बंद (म्हणजे कागदाचे ताव) मोजून, दोन्ही बाजूंच्या सह्यांची यादी करूनच नेले जातात. प्रतिमांचा एक संच कुटुंबाला दिला जातो. कोणते कागद सर्वांना दिसावेत, कोणते फक्त अभ्यासकांना आणि कोणते काही वर्षे बंद ठेवावेत, हे कुटुंबाने लेखी ठरवायचे असते.

रुमाल सोडण्यापूर्वी तो आहे त्या स्थितीत, गाठीसह, छायाचित्रित करावा. कोणता कागद कोणाशेजारी बांधला होता, हीदेखील माहितीच असते आणि एकदा क्रम मोडला की ती परत मिळत नाही. फाटलेल्या कागदाला सेलोटेप लावू नये, लॅमिनेशन करू नये, ओल आलेला कागद उन्हात वाळवू नये, आणि कसर लागलेल्या गठ्ठ्यावर घरगुती कीटकनाशक फवारू नये. लॅमिनेशनने कागद वाचला असे वाटते, पण तो त्या प्लॅस्टिकमधून पुढे सुरक्षितपणे सोडवता येत नाही.

रुमाल विकत मागणारेही घरापर्यंत येतात. ७५ वर्षांहून जुने आणि ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मूल्य असलेले हस्तलिखित १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते आणि ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, हे अशा वेळी लक्षात ठेवावे.

६. मोबाइलवर काढलेले फोटो चालतील का? स्कॅन किती डीपीआयवर (दर इंचाला किती ठिपके) करावा?

कागद नष्ट होण्याचा धोका असेल तर मोबाइलचा फोटो आजच काढावा. चांगल्या यंत्राची वाट पाहत थांबू नये. फोटो खिडकीच्या उजेडात, फ्लॅशशिवाय, कॅमेरा कागदाला समांतर धरून घ्यावा, चारही कडा दिसू द्याव्यात आणि शेजारी मोजपट्टी ठेवावी. कोरी दिसणारी मागची बाजूही सोडू नये, कारण पत्ता, शिक्का किंवा पोहोचल्याची नोंद पुष्कळदा तिथेच असते.

कायमच्या जतनासाठी छापील मजकुराला ३०० आणि हस्तलिखिताला ४०० ते ६०० डीपीआय ठेवावे आणि मूळ फाइल टिफ या दर्जा न घटवणाऱ्या स्वरूपात जपावी. ए४ आकाराची रंगीत प्रतिमा ४०० डीपीआयवर, कोणतेही आकुंचन न करता, साधारण ४६ एमबी होते. म्हणजे २०० बंद दोन्ही बाजूंनी घेतले तर साडेअठरा जीबी लागतात, आणि प्रश्न १३ मध्ये सांगितल्याप्रमाणे त्याच्या तीन प्रती ठेवायच्या असतात. जागेचा हा हिशेब काम सुरू करण्यापूर्वी मांडावा.

७. आता संगणक मोडी वाचून देवनागरीत करून देतो म्हणतात. मग मोडी शिकायची कशाला?

यंत्राने मोडी वाचण्याचे प्रयत्न गंभीरपणे सुरू आहेत. मोडी लिपीला २०१४ मध्ये युनिकोडच्या, म्हणजे संगणकावर सर्व लिप्या लिहिण्याच्या समान संकेतपद्धतीच्या, सातव्या आवृत्तीत स्थान मिळाले, आणि २०२५ मध्ये आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी दोन हजारांहून अधिक मोडी प्रतिमा व त्यांची देवनागरी लिप्यंतरे असलेला संच तयार करून त्यावर शिकवलेली प्रणाली मांडली. हे काम स्वागतार्ह आहे आणि त्याचा उपयोग आपण केला पाहिजे.

अडचण लिपीच्या स्वभावात आहे. मोडीत आधी ओळ आखून तिच्याखाली सलग लिहीत जातात, शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, आणि लेखकागणिक संक्षेपही बदलतात. कोणता शब्द कुठे संपला हे ठरवायला वाचणाऱ्याला तो व्यवहार माहीत असावा लागतो: हे वतनपत्र आहे, कर्जरोखा आहे की निवाडा. सर्वसाधारण चॅटबॉटला मोडी पत्राचा फोटो दिला, तर पुष्कळदा अस्खलित मराठीत उत्तर मिळते आणि त्यातील माणसे, गावे, रकमा कागदावर नसतातच. अर्धवट वाचन ओळखू येते. असे सफाईदार खोटे वाचन ओळखायला मोडी यावीच लागते. म्हणून यंत्राने केलेले लिप्यंतर आम्ही पहिला कच्चा खर्डा मानतो, दोन जाणकारांनी स्वतंत्रपणे तपासल्याशिवाय ते संग्रहात घेत नाही, आणि नोंदीत यंत्राचा वापर झाल्याचे नमूद करतो.

आणखी एक बंधन आहे. कुटुंबाने दिलेल्या कागदांच्या प्रतिमा त्यांच्या परवानगीशिवाय कोणत्याही कंपनीच्या सेवेवर चढवू नयेत.

८. पुस्तकात शब्द डोळ्यांना दिसतो, पण शोधल्यावर सापडत नाही. असे का होते?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो आणि त्याची कारणे चार आहेत.

पहिले कारण शुद्धलेखनाचे. १९६२ मध्ये मराठी लेखनाचे नवे नियम स्वीकारले गेले आणि व्युत्पत्तीवर आधारलेले अनेक अनुस्वार गळाले. त्याआधीच्या पुस्तकांत 'घरांत', 'करणें', 'कां' असे छापलेले असते. आपण 'घरात' शोधतो आणि संगणक नाही म्हणतो. दुसरे कारण युनिकोडमधील लेखनाचे. 'साताऱ्यात' या शब्दातील 'ऱ्य' दोन निरनिराळ्या संकेतक्रमांनी टंकता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात, म्हणजे खुद्द आपल्या गावाचे नाव शोधतानाही अर्धे निकाल हुकू शकतात. तिसरे कारण जुन्या डीटीपी फायलींचे. श्रीलिपीसारख्या फाँटांत जुळवलेला मजकूर युनिकोडमध्ये नसतो. फाँट काढला की तो निरर्थक चिन्हांची रांग होतो आणि परिवर्तकातून काढल्यावरही जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावी लागतात. चौथे कारण ओसीआरचे, म्हणजे प्रतिमेतील अक्षरे यंत्राने ओळखण्याचे. टेसेरॅक्ट हे मुक्त साधन मराठी वाचते, मात्र झिजलेल्या खिळ्यांच्या जुन्या छपाईत 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'ख' आणि 'रव' यांची गल्लत होते.

यावर उपाय म्हणून मूळ पुस्तक आधुनिक शुद्धलेखनात 'सुधारण्याचा' मोह होतो. तो टाळावा. आम्ही मजकुराचे दोन थर ठेवतो: एक कागदावर आहे तसाच, आणि दुसरा फक्त शोधासाठी, ज्यात अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ आणि 'ऱ्य'चे संकेत एकसारखे केलेले असतात. शोध दुसऱ्या थरात लागतो, वाचकासमोर मात्र पहिलाच येतो. अनुस्वार कधी गळू लागले हाच उद्या कुणाच्या संशोधनाचा विषय असेल, आणि त्याला पहिला थर हवा असेल.

९. कागदावर 'शके', 'फसली', 'सुहूर सन' अशा तारखा आहेत. कोष्टकात इसवी सन कसा लिहावा?

तारखेसाठी किमान दोन रकाने ठेवावेत: कागदावर जशी आहे तशी, आणि आपण काढलेली इसवी तारीख. शालिवाहन शकात चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. सुहूर सन मृग नक्षत्राच्या सुमारास बदलतो, म्हणून त्यात वर्षाच्या पूर्वार्धाला ५९९ आणि उत्तरार्धाला ६०० मिळवतात. त्याचे अंक अरबी शब्दांत असतात: 'तिसा खमसैन मया अलफ' म्हणजे नऊ, पन्नास, शंभर आणि हजार, अर्थात ११५९, म्हणजे इसवी १७५८–५९. राज्याभिषेक शक इसवी सन १६७४ मधील ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीपासून मोजतात.

महिना नसेल तर एकच वर्ष ठोकून देऊ नये. '१७५८–५९' असा पल्लाच लिहावा. इंग्रजी पत्रव्यवहार ताडताना ब्रिटिश कॅलेंडर १७०० पर्यंत दहा आणि त्यानंतर १७५२ पर्यंत अकरा दिवस मागे होते, हेही ध्यानात घ्यावे.

१०. नकाशावर गाव कुठे दाखवायचे? जिल्हा बदलला असेल, किंवा गावच धरणात गेले असेल तर?

कागदातील नाव, आजचे नाव, त्या काळची प्रशासकीय जागा, आजची प्रशासकीय जागा, अक्षांश-रेखांश आणि स्थाननिश्चितीची खात्री किती, असे सहा रकाने ठेवावेत. आपल्या भागात ही काटेकोरता टाळता येत नाही. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आणि दक्षिण साताऱ्याला १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे प्रतिसरकारविषयीच्या (१९४० च्या दशकात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या समांतर सरकारविषयीच्या) साधनांत 'सातारा' असे वाचून ते ठिकाण आजच्या सातारा जिल्ह्यात टाकले तर निम्मा नकाशा चुकतो. संस्थानांमुळे गुंता आणखी वाढतो. कुंडल आणि आटपाडी औंध संस्थानात होती आणि आज सांगली जिल्ह्यात आहेत, तर खुद्द औंध सातारा जिल्ह्यात आहे.

कोयनेच्या शिवसागर जलाशयाखाली गेलेल्या गावांचे जुने स्थान धरणापूर्वीच्या सर्वेक्षण नकाशावरून घ्यावे, आणि पुनर्वसित गावाची वेगळी नोंद करून दोन्ही जोडावीत. नाव तेच असले तरी ती दोन ठिकाणे आहेत. क्यूजीआयएस या मोफत साधनात जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवता येतो. देऊळ, नदीचा संगम, घाटमाथा अशा न हललेल्या खुणा त्यासाठी धराव्यात, रस्ते धरू नयेत.

११. आजोबांची अप्रकाशित रोजनिशी आणि गावच्या जुन्या मासिकाचे अंक खुले करायचे आहेत. कॉपीराइटचे काय?

लेखकाच्या हयातीत प्रकाशित झालेल्या साहित्याचे हक्क भारतात त्याच्या निधनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे टिकतात. उदाहरणार्थ, वाटेगावचे अण्णाभाऊ साठे १९६९ मध्ये निवर्तले, त्यामुळे त्यांच्या अशा साहित्याचे हक्क ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत आहेत. निनावी लेखांना प्रकाशनापासून ६० वर्षांचा नियम लागतो. मासिकाच्या एकाच अंकात काही लेख मुक्त आणि काही संरक्षित असू शकतात, म्हणून निर्णय लेखागणिक घ्यावा लागतो.

अप्रकाशित रोजनिशीची गोष्ट निराळी आहे. लेखकाच्या निधनानंतर ती प्रथम प्रकाशित झाली, तर ६० वर्षे त्या प्रकाशनापासून मोजली जातात. वही ज्याच्या कपाटात आहे तो वहीचा मालक असला तरी मजकुराचे हक्क सर्व वारसांकडे असू शकतात. एका काकांनी होकार दिला आणि आत्याला विचारलेच नाही, असे होऊ देऊ नये. सर्वांची लेखी संमती घ्यावी.

१२. आजी आणि शेजारच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या होत्या. आता त्या हयात नाहीत. त्या सर्वांसाठी खुल्या कराव्यात का?

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या आणि त्या संग्रहात गाणारीचे नाव आणि गाव ओवीइतक्याच काळजीने नोंदले गेले. तोच दंडक पाळावा. 'लोकगीत, गायिका अज्ञात' असे लिहिणे हे ठाऊक असलेल्या बाईचे नाव पुसणे आहे.

कायद्याने कलावंताचा हक्क सादरीकरणानंतर ५० वर्षे असतो, म्हणून वारसांची संमती घ्यावीच. त्यापलीकडे एक विवेकाचा प्रश्न उरतो. ओवीत सासू, दीर, नवरा यांची गाऱ्हाणी नावानिशी येतात, आणि ती पहाटे जात्यापाशी बसलेल्या दोघींसाठी गायलेली असतात. अशा ओव्या घरच्या लेकी-सुनांसोबत बसून ऐकाव्यात आणि कोणत्या खुल्या करायच्या हे त्यांनी ठरवावे. शंका असेल तर मजकूर नावे वगळून द्यावा आणि ध्वनिफीत राखीव ठेवावी. राखीव ठेवलेली फीत पुढे केव्हाही खुली करता येते, एकदा पसरलेली मात्र मागे घेता येत नाही.

जुन्या कागदांतील जातिवाचक आणि अवमानकारक शब्दांबाबत आमचा नियम असा आहे: मूळ मजकुरातून एकही शब्द गाळायचा नाही, कारण गाळल्याने अन्यायाचा पुरावाच नाहीसा होतो; पण शीर्षक, वर्णन आणि विषयसूची आपण लिहितो, त्यामुळे तिथे ते शब्द वापरायचे नाहीत.

१३. प्रकल्प संपल्यावर हे सारे टिकणार कसे?

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी. प्रतिमा टिफमध्ये, मजकूर साध्या युनिकोड फायलीत आणि कोष्टके सीएसव्ही या साध्या मजकूर-स्वरूपात ठेवावीत, म्हणजे एखादे सॉफ्टवेअर बंद पडले तरी साहित्य अडकत नाही. संकेतस्थळ बंद होऊ शकते, हे गृहीत धरूनच संग्रह बांधावा. वर्षातून एकदा प्रत्येक प्रत उघडून पाहण्याची जबाबदारी एका व्यक्तीकडे नावानिशी द्यावी.

१४. आमच्या घराण्याची कुणबी नोंद शोधून द्याल का? तुमचे लिप्यंतर प्रमाणपत्रासाठी चालेल का?

ही विचारणा मोठ्या प्रमाणावर येते आणि तिच्यामागची निकड आम्ही जाणतो, म्हणून उत्तर स्पष्ट देतो. आमचे लिप्यंतर अभ्यासासाठी आहे. ते प्रमाणित प्रत ठरत नाही. जातीचा दाखला सक्षम अधिकारी देतात आणि त्याची वैधता जात पडताळणी समिती ठरवते. त्यासाठी मूळ अभिलेख ज्या कार्यालयाच्या ताब्यात आहे तेथूनच प्रमाणित नक्कल घ्यावी लागते. आमच्या संग्रहातील खुल्या कागदात आपल्या गावाचा उल्लेख असेल तर तो कुठे आहे हे आम्ही दाखवू. मात्र विशिष्ट नोंद 'निघावी' म्हणून वाचनात एका अक्षराचाही फेर केला जाणार नाही. जमिनीच्या वादांसाठीही हेच उत्तर आहे.

१५. तुमच्या लिप्यंतरात आमच्या गावाचे नाव चुकले आहे. कसे कळवावे?

कागदाचा क्रमांक, ओळ, आपले वाचन आणि त्याचा आधार, एवढे लिहून पाठवावे. आधार म्हणून शिवाराचे नाव, गावातील बोलीतला उच्चार किंवा घरातला दुसरा कागद, काहीही चालते. पदवीची अट नाही. दोन वाचक मूळ प्रतिमा पुन्हा पाहतात. दुरुस्ती मान्य झाली तर नवे वाचन पुढे येते आणि जुने तारखेसह इतिहासात राहते. मान्य झाली नाही तर दोन्ही वाचने शेजारी दाखवली जातात. आपले नाव दुरुस्तीसोबत छापायचे की नाही, हे पत्रातच कळवावे.